काटा काय सांगतो? : इंजिनातल्या तेलाच्या दाबाची गोष्ट

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी प्रश्न विचारला होता. त्यांच्याकडे जुनी अँबेसिडर आहे. सकाळी गाडी सुरू केली की ऑइल प्रेशरचा काटा झकास वर जातो. तासभर चालवून गाडी तापली आणि सिग्नलला थांबली, की तोच काटा पार तळाला बसतो. त्यांचा प्रश्न होता, "काय करू? कुणी म्हणतं जाड ऑइल टाका, कुणी म्हणतं स्प्रिंग बदला, कुणी म्हणतं इंजिनच खोला."

त्या दिवशी वेळ संपला होता, म्हणून मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. घरी गेल्यावर लक्षात आलं की याचं उत्तर दोन वाक्यांत देता येणार नाही. दुसरं कारण जरा खाजगी आहे. हाच प्रश्न १९८६ साली माझ्या वडिलांच्या अँबेसिडरच्या बाबतीत मी सोडवायला गेलो होतो आणि चुकलो होतो. ती चूक का झाली हे समजायला मला इतिहासात बरंच मागे जावं लागलं. आज तोच रस्ता तुमच्याबरोबर पुन्हा चालायचा आहे.

सुरुवात मीटरपासून करू. गोल डबी, आत वाकवलेली चपटी नळी, दाब वाढला की ती नळी सरळ व्हायला बघते आणि काटा फिरवते. ही युक्ती फ्रान्समधल्या यूजीन बूर्दों यांची, पेटंट १८४९ चं. मोटारगाडी तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. हा मीटर बसला तो वाफेच्या बॉयलरवर. बॉयलरमध्ये तो जे मोजतो तेच तिथलं मुख्य प्रकरण असतं. दाब वाढला की ताकद वाढली, आणि फारच वाढला तर बॉयलर फुटण्याची भीती. त्या काळात जास्त ताकद मिळावी म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हवर वजनं टांगणारे, तो बांधून ठेवणारे महाभागही होते. त्यातून स्फोट झाले, माणसं गेली. पण एक गोष्ट खरी, की व्हॉल्व्ह दाबून धरला की आतला दाब खरोखरच वाढायचा. काटा खोटं बोलत नव्हता.

पुढे हाच मीटर मोटारीच्या डॅशबोर्डवर आला, आणि त्याच्याबरोबर बॉयलरच्या काळातली आपली समजूतही आली. काटा वर म्हणजे सगळं चांगलं, काटा खाली म्हणजे वाईट, म्हणून काटा वर चढवा. इंजिनातल्या तेलाच्या बाबतीत ही समजूत अर्धीच खरी आहे. ती अर्धी का, हे १८८३ साली लंडनमध्ये एका लाकडी बुचानं दाखवून दिलं.

प्रकरण असं झालं. रेल्वेच्या डब्यांचे आस आणि त्यांची बेअरिंगं तापायची, जळायची. घर्षण नेमकं कशानं कमी होतं हे शोधायला इंग्लंडच्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेनं एक समिती नेमली आणि प्रयोगांचं काम बीचम टॉवर या अभियंत्याकडे दिलं. टॉवरनी ४ इंच व्यासाचा फिरता दांडा घेतला. त्याच्यावर पितळी अर्धं बेअरिंग ठेवलं, वर वजन लादलं आणि दांड्याचा खालचा भाग तेलात बुडत राहील अशी व्यवस्था केली. प्रयोगाच्या ओघात त्यांनी बेअरिंगच्या वरच्या बाजूला, अगदी मधोमध, अर्ध्या इंचाचं भोक पाडलं. हेतू साधा होता, तिथून तेल सोडायचं. यंत्र पुन्हा सुरू केलं, तर तेल आत जायच्या ऐवजी त्या भोकातून उफाळून वर यायला लागलं. सगळीकडे तेलच तेल. मग भोकात लाकडी बूच ठोकलं. तेही हळूहळू वर सरकत बाहेर आलं!

टॉवरनी तिथे मीटर लावला. तो २०० पौंडांपर्यंतचा होता. (पौंड म्हणजे दर चौरस इंचाला पौंड, आपले मेकॅनिकही तसंच बोलतात.) काटा २०० च्याही पलीकडे गेला. बेअरिंगवरचं वजन सगळ्या क्षेत्रावर सारखं वाटलं तर दाब भरत होता फक्त १००. आणि गंमत बघा, या तेलाला कुठलाही पंप जोडलेला नव्हता. तेल खाली नुसतं भांड्यात होतं.

मग हा दाब आला कुठून? उत्तर दिलं मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजमधले प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी, १८८६ सालच्या निबंधात. दांडा आणि बेअरिंग यांच्या मधली फट सगळीकडे सारखी नसते. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद, पाचरीसारखी. फिरणारा दांडा चिकट तेलाला आपल्याबरोबर ओढत त्या निमुळत्या जागेत कोंबतो. तेलाला पळायला वाट नसते, म्हणून त्याचा दाब वाढतो आणि दांडा त्या थरावर उचलला जातो. मुंबईच्या पावसात वेगानं जाणाऱ्या गाडीचं टायर पाण्याच्या थरावर तरंगतं आणि ब्रेक लागत नाही, तेव्हा साधारण हेच होत असतं. रस्त्यावर ते संकट असतं, बेअरिंगमध्ये तोच प्राण असतो. धातू धातूला लागतच नाही.

म्हणजे लक्षात घ्या, दाब दोन आहेत. एक, जो बेअरिंग स्वतः तयार करतं. आपल्या मोटारीच्या इंजिनात तो हजारो पौंडांच्या घरात जातो. दुसरा, ज्या दाबानं तेल बेअरिंगच्या दारापर्यंत पोहोचवलं जातं, तो चाळीस-पन्नास पौंडांचा. डॅशबोर्डवरचा काटा दाखवतो तो हा दुसरा. क्रँक तोलून धरणारा दाब कुठल्याही मोटारीच्या डॅशबोर्डवर दिसत नाही.

मग पंप हवा कशाला? कारण फटीतून तेल सतत बाजूनं गळत असतं. जेवढं गळेल तेवढं नवं मिळालं पाहिजे, आणि निर्माण झालेली उष्णता त्याच तेलानं वाहून नेली पाहिजे. बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉर्कम कारखान्यातले अल्बर्ट चार्ल्स पेन यांनी १८९० मध्ये जलद फिरणाऱ्या वाफेच्या इंजिनासाठी पंपानं दाबून तेल देण्याचं पेटंट घेतलं. मोटारींनी मात्र ते लगेच उचललं नाही. सुरुवातीच्या कित्येक गाड्यांत डॅशबोर्डवर काचेच्या नळ्या असायच्या, त्यातून थेंब थेंब तेल गळायचं आणि ड्रायव्हर थेंब मोजायचा. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये तर तेलाचा पंपही नव्हता आणि मीटरही नव्हता. फ्लायव्हील तेल उडवायचं, ते एका नळीतून पुढे जायचं आणि कनेक्टिंग रॉड खालच्या पन्हळीतलं तेल शिंपडायचे. तेल किती आहे हे बघायला खाली दोन छोट्या तोट्या. अशा दीड कोटी गाड्या विकल्या गेल्या. लांब चढावर मात्र तेल मागे सरायचं आणि पुढचं बेअरिंग उपाशी राहायचं.

इंजिनं जलद झाली, भार वाढले, तसं हे शिंपडणं पुरेनासं झालं. पंप, तेलवाहिनी, फिल्टर आणि रिलीफ व्हॉल्व्ह अशी आजची मांडणी रूढ झाली. आपल्या अँबेसिडरमध्ये हेच आहे. १९५७ पासून उत्तरपाऱ्याला बनलेली ही गाडी म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. पहिल्या दोनेक वर्षांनंतर तिला बीएमसीचं १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन मिळालं. ते बी-सिरीज म्हणून ओळखलं जातं. एमजीए आणि एमजीबी या नावाजलेल्या स्पोर्ट्स गाड्यांत याच कुळातली इंजिनं होती. पंप कॅमशाफ्टवरून फिरतो. चेंबरमधून जाळीतून तेल उचलतो, ते फिल्टरमधून मुख्य वाहिनीत जातं, तिथून मेन बेअरिंगं, क्रँकमधल्या भोकांतून बिग एन्ड, कॅमची बेअरिंगं आणि शेवटी वर रॉकर. ब्लॉकच्या डाव्या अंगाला मागे एक घुमटाकार नट दिसतो. त्याच्याआड स्प्रिंग आणि छोटी वाटी. तो रिलीफ व्हॉल्व्ह. दाब ठराविक मर्यादेवर गेला की वाटी सरकते आणि जादा तेल परत चेंबरमध्ये पडतं.

आता आपण मूळ मुद्द्यावर आलो. हा पंप दाब तयार करत नाही, तो तेल ढकलतो, बस्स. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी जोरात उडतं. नळ तोच, पाणी तेवढंच. जोर आला तो अंगठ्यामुळे. इंजिनात हा अंगठा म्हणजे बेअरिंगमधली बारीक फट, साधारण १ ते अडीच थाउ. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. केसापेक्षाही बारीक. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते, कारण ती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आणि तेल तापलं की पातळ होतं. एसएई ४० चं साधं तेल ४० अंशांवर असतं त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं दाट १०० अंशांवर राहतं. म्हणून झिजलेलं इंजिन सकाळी थंड असताना उत्तम प्रेशर दाखवतं. जाड तेल त्या मोठ्या झालेल्या फटीवर पांघरूण घालत असतं.

आता माझी गोष्ट. इंजिनिअर होऊन मला एकच वर्ष झालं होतं. रेनॉल्ड्सचं समीकरण परीक्षेत सोडवून पास झालो होतो, तेही चांगल्या मार्कांनी. बाबांच्या गाडीला त्यांनी हौसेनं तांब्याच्या नळीचा मीटर बसवून घेतला होता. काटा खाली खाली यायला लागला तसे ते काळजीत पडले. आमचे मिस्त्री वयस्कर होते, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "भाऊ, चेंबर उतरवून बघू या. खालून आवाज येतोय." इंजिनाचं काम म्हणजे खर्च. बाबा निवृत्तीला आले होते, ताईच्या लग्नाचं बघत होते. मी शहाणपणा केला. म्हटलं, रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग दमली असेल, मागे दोन वॉशर टाका. मिस्त्री म्हणाले, "काटा वर जाईल, आवाज तिथंच राहील." मी ऐकलं नाही. इंजिनिअर होतो ना! (हशा)

वॉशर टाकले. सकाळची वेळ, इंजिन थंड. काटा पंचेचाळीसवर अडायचा तो साठला गेला. बाबा खूश झाले, मी त्यांच्याहून खूश. गाडी तापल्यावर पुन्हा बघायचं मला सुचलं नाही, किंवा खरं सांगायचं तर बघायचंच नव्हतं. पुढच्याच आठवड्यात वाईला जाताना खंबाटकीच्या घाटात, भर उन्हात, आई-बाबा आणि ताई गाडीत असताना इंजिन ठोकायला लागलं. मी गाडी बाजूला घेतली तेव्हा काटा शून्याजवळ होता. तिसऱ्या सिलिंडरचं बिग एन्ड जळालं होतं.

कुठे चुकलं? रिलीफ व्हॉल्व्ह दाबाची वरची मर्यादा ठरवतो. तापलेल्या, झिजलेल्या इंजिनात दाब त्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नव्हता, म्हणजे व्हॉल्व्ह आधीच बंद होता. बंद दाराला आणखी एक कडी लावून मी समाधान मानलं. टाकीचं बूड गळतंय आणि आपण ओव्हरफ्लोचा पाइप वर चढवतोय, तसलाच प्रकार. बॉयलरवर वजन टांगणाऱ्या त्या जुन्या ड्रायव्हरच्या हातून निदान दाब तरी वाढत होता. मी फक्त थंड इंजिनावरचा आकडा वाढवला, आणि ज्या दोन-तीन आठवड्यांत क्रँक वाचवता आला असता ते घालवले.

तर त्या गृहस्थांसाठी, आणि जुनी गाडी सांभाळणाऱ्या सगळ्यांसाठी, क्रम सांगतो. खोलायला सोपं ते आधी, अवघड ते शेवटी.

सगळ्यात आधी मीटरवर संशय घ्या. खात्रीचा दुसरा मीटर तात्पुरता जोडा. नळी कुठे चेपली आहे का, विजेवर चालणारा मीटर असेल तर त्याचा सेंडर बिघडलाय का, हे बघा. नुसता दिवा असेल तर तो अगदी मोजक्या पौंडांखाली गेल्याशिवाय लागत नाही. दिवा विझलेला आहे म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका.

मग तीन वेळा आकडा टिपा. थंड इंजिन सुरू केल्यावर, अर्धा तास चालवून तापल्यावर आयडलिंगला, आणि तापलेलं असतानाच वेग वाढवून. अंदाज यावा म्हणून सांगतो, एमजीबीच्या पुस्तकात धावताना ५० ते ८० आणि आयडलिंगला १० ते २५ पौंड दिले आहेत. आयडलिंगला काटा खाली येणं हे मुळात नैसर्गिक आहे. पंप हळू फिरतो, तेल कमी ढकलतो. किती खाली येतो हे महत्त्वाचं.

आता हे तीन आकडे वाचायचे कसे? आयडलिंगला ठीक, पण वेग वाढवला तरी काटा एका खालच्या आकड्यावर अडून राहतो, तर रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग दमली आहे. तिथे स्प्रिंग बदलणं हाच बरोबर उपाय. तिन्ही वेळा कमी असेल, तर तेलाची पातळी बघा, मग व्हॉल्व्हच्या वाटीखाली कचरा अडकून ती उघडी राहिली आहे का ते बघा. वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर काटा थरथरत असेल, तर तेल कमी आहे किंवा जाळीच्या नळीच्या जोडातून पंप हवा खातोय. आणि थंड असताना उत्तम, तापल्यावर आयडलिंगलाही कमी आणि वेगातही कमी, म्हणजे त्या गृहस्थांच्या आणि माझ्या गाडीसारखं, तर तेल, पंप आणि बेअरिंगं या तिघांपैकी कुणीतरी.

त्यात तेल सोपं. डिपस्टिक हुंगून बघा. पेट्रोलचा वास आला, पातळी न घालता वाढलेली दिसली, तर इंधन पंपाच्या फाटक्या पडद्यातून किंवा कार्बोरेटरमधून पेट्रोल तेलात उतरतंय. ते आधी थांबवा, मग कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं ताजं तेल घाला आणि पुन्हा तीन आकडे घ्या. जाड तेल घालून काटा वर येतो, पण फट तेवढीच राहते, आणि थंड इंजिनात ते जाड तेल दूरच्या बेअरिंगला उशिरा पोहोचतं.

एवढ्यानं भागलं नाही तर चेंबर उतरवा. पंप खोला. त्याच्या दोन रोटरच्या पाकळ्यांमधली फट ६ थाउच्या आत, आणि वरून पट्टी ठेवून मोजलेली फट ५ थाउच्या आत हवी. मग एकेक बेअरिंगची टोपी काढा. मेणासारखा बारीक धागा मिळतो. तो क्रँकवर ठेवून टोपी ठरलेल्या ताकदीनं आवळायची, परत काढायची आणि धागा किती चपटा झाला त्यावरून फट वाचायची. क्रँक मायक्रोमीटरनं दोन दिशांनी मोजा. अंडाकृती झाला असेल तर नुसती नवी बेअरिंगं टाकून पैसे वाया जातील. ग्राइंडिंगला द्या. १०, २०, ३०, ४० थाउ असे टप्पे असतात, त्या मापाची बेअरिंगं घ्या. कॅमची बेअरिंगं विसरू नका, गळती तिथूनही होते. जोडताना क्रँकमधली तेलाची भोकं धुऊन वारा मारून घ्या, पंपात व्हॅसलीन भरा, आणि प्लग काढून स्टार्टर मारत राहा. काटा हलल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

उलट तक्रारही असते. काटा सारखा फार वर. लोक खूश होतात, पण हेही दुखणंच आहे. रिलीफ व्हॉल्व्ह अडकलेला असेल, तेल फार जाड असेल, किंवा मीटरच्या पुढची वाहिनी गाळानं तुंबलेली असेल. तुंबलेली असेल तर मीटरपाशी दाब भरपूर आणि बेअरिंगपाशी तेलाचा पत्ता नाही. आणि कुणीतरी माझ्यासारखेच वॉशर टाकून ठेवलेले नाहीत ना, तेही बघा. (हशा)

आमच्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. क्रँक २० थाउ घासावा लागला, नवी बेअरिंगं, नवा पंप, स्प्रिंग नवी आणि वॉशर बाहेर. बाबांनी पैसे दिले, मला एका शब्दानं बोलले नाहीत. गाडी तयार झाल्यावर मिस्त्री स्वतः शेजारी बसले आणि मला अर्धा तास चालवायला लावलं. मग भर रस्त्यात थांबवून म्हणाले, "आता बघ काटा." आयडलिंगला अठरा होता.

जळालेलं बेअरिंग त्यांनी मला कागदात गुंडाळून दिलं होतं. ते आज इथे टेबलावर ठेवलंय, जाताना हातात घेऊन बघा. वरचा पांढरा धातू पुसला गेलाय आणि खालचा तांबूस थर दिसतो. प्रश्न विचारणारे गृहस्थ आज आलेले दिसताहेत. साहेब, तुमच्या गाडीचे तीन आकडे लिहून आणा, मग आपण बोलू. तोवर तिला लांब घेऊन जाऊ नका, आणि खालून आवाज येतो असं तुमचे मिस्त्री म्हणत असतील तर त्यांचं ऐका.